सोलर चार्जर पाठीवरच्या सॅकपर्यंत कसा पोहोचला

चातुर्मास संपला की नर्मदा परिक्रमेची बोलणी बडोद्यातल्या मराठी घरांत सुरू होतात. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी, नारेश्वरला रंगावधूत महाराजांचे स्थान, चांदोद तर आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळे हा किनारा इथल्या माणसांना परका नाही. दंड, कमंडलू, नर्मदाजलाची कुपी या जुन्या सामानात अलीकडे आणखी एक वस्तू दिसते: घडी घालून सॅकवर अडकवायचा सोलर चार्जर. घरी रोज एक फोन जावा, पहाटे अंधारात टॉर्च चालावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ती काही चार्जर पुरी करतात आणि काही अजिबात करत नाहीत. असे का, हे या वस्तूच्या इतिहासातून फार स्वच्छ कळते.

सूर्यप्रकाशाने वीज निर्माण होते हे १८३९ मध्ये फ्रान्सच्या एडमंड बेकरेलला दिसले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. १८८३ मध्ये अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमचा सेल बनवला, पण त्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम एक टक्का भाग विजेत उतरत असे. त्यावर कुठलेही काम होण्यासारखे नव्हते.

खरी सुरुवात झाली ती टेलिफोनच्या अडचणीतून. उष्ण आणि दमट प्रदेशांत टेलिफोन यंत्रणेचे कोरडे सेल लवकर खराब होत. त्यांना पर्याय शोधण्याचे काम अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिनकडे आले. त्याने आधी सेलेनियम वापरून पाहिले, पण हाती काही लागले नाही. त्याच प्रयोगशाळेत कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअरसन सिलिकॉनवर काम करत होते. तिघांनी मिळून बनवलेला सिलिकॉनचा सेल २५ एप्रिल १९५४ रोजी लोकांसमोर आला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. त्या दिवशी त्यांनी त्यावर चालवून दाखवले काय, तर एक खेळण्यातला आकाशपाळणा आणि एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर. म्हणजे या शोधाच्या जन्मापासून डोळ्यांपुढे होती ती तारांपासून दूर असलेली छोटी उपकरणेच. मोठी वीजकेंद्रे फार नंतर आली. जानेवारी २०१५ मध्ये बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावरच्या १० मेगावॅट सौर प्रकल्पाचे उद्घाटन संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी केले. त्या कालव्यावरच्या पॅनेलमागे आणि सॅकवरच्या घडीच्या पॅनेलमागे मूळ कल्पना एकच आहे.

मधली वीस वर्षे मात्र हा सेल सामान्य माणसाला परवडण्याच्या पलीकडे होता. १९५०च्या दशकात एका वॅटला सुमारे ३०० डॉलर पडत. एवढी किंमत फक्त अंतराळात मोजली जात असे. मार्च १९५८ मध्ये सुटलेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहात एक ट्रान्समीटर बॅटरीवर होता आणि एक सौर सेलांवर. बॅटरीवरचा जूनमध्येच बंद पडला, सौर सेलांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. १९७०च्या दशकात एलियट बर्मनने स्वस्त सिलिकॉन आणि साधी बांधणी वापरून वॅटमागचा खर्च १०० डॉलरवरून २० डॉलरच्या आसपास आणला. त्याच दशकाच्या शेवटी सौर कॅल्क्युलेटर आले आणि सौर सेल पहिल्यांदा शाळकरी मुलांच्या हातात पोहोचला.

आपल्याकडेही हालचाल याच सुमाराची. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९७७ मध्ये देशातला पहिला सौर सेल आणि १९७८ मध्ये पहिले पॅनेल तयार केले. अपारंपरिक ऊर्जेसाठी गुजरात सरकारने १९७९ मध्ये 'गेडा' ही संस्था काढली, आणि तिचे मुख्यालय कितीतरी वर्षे बडोद्यातच होते. पुढे सरकारी योजनांतून सौर कंदील आले. छपरावर १० वॅटचे पॅनेल, कंदिलात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी आणि ७ वॅटची सीएफएल. कंदील उचलून नेता येई, पण पाठीवर घेऊन दिवसभर चालावे असा तो नव्हता. अडचण सारी बॅटरीच्या वजनाची.

मला या सगळ्या गोष्टीत बॅटरी हाच कळीचा धागा वाटतो. पॅनेल तयार होते, ऊन तर होतेच. साठवायला हलके काही नव्हते. पुन्हा भरता येणारे पेन्सिल सेल निकेल-कॅडमियमचे होते, नंतर निकेल-मेटल हायड्राइडचे आले. हे सेल संथ आणि कमी प्रवाह निमूट सहन करतात. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल २०० मिलिअँपिअरवर चौदा-सोळा तास भरला तरी त्याचे काही बिघडत नाही. छोट्या पॅनेलला हे फार सोयीचे. म्हणून सुरुवातीचे सोलर चार्जर प्लॅस्टिकच्या डबीत चार पेन्सिल सेल बसवायचे असे असत. टॉर्च आणि रेडिओसाठी ती सोय आजही वाईट नाही. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि वजनाचा प्रश्न सुटला. त्यामागचे संशोधन करणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरी एक गाठ उरलीच होती. दर कंपनीच्या फोनची पिन वेगळी, व्होल्टेज वेगळे. २००९ मध्ये सॅमसंगने भारतात 'सोलर गुरू' हा फोन आणला, त्याच्या पाठीवरच पॅनेल होते. तासभर उन्हात ठेवल्यावर पाच-दहा मिनिटे बोलण्यापुरती वीज मिळे. पॅनेल फोनवरच चिकटवण्याचा तो मार्ग पुढे टिकला नाही. त्याच काळात फोन यूएसबीच्या ५ व्होल्टवर चार्ज होऊ लागले, आणि कोणतेही पॅनेल कोणत्याही फोनला जोडता येईल अशी सोय झाली. सिलिकॉनचा एक सेल अर्ध्या व्होल्टच्या आसपास देतो. दहा-बारा सेल एका ओळीत जोडले आणि पुढे नियंत्रक बसवला की ५ व्होल्ट मिळाले.

ओळीत जोडण्याचा एक परिणाम वापरणाऱ्याला ठाऊक हवा. एका सेलवर सावली पडली की साऱ्या ओळीचा प्रवाह अडतो. सॅकचा पट्टा किंवा वाळत घातलेल्या पंचाचे टोक पॅनेलवर आले, तर निम्म्याहून जास्त वीज जाऊ शकते. ढगामुळे वीज कमी-जास्त झाली की काही फोन चार्जिंग सोडतात आणि ऊन परत आले तरी पुन्हा धरत नाहीत. म्हणून पॅनेलने पॉवर बँक भरावी आणि पॉवर बँकेने फोन, हा क्रम चांगला.

पाठीवर फोनएवढे पॅनेल चिकटवलेल्या पॉवर बँका सर्रास विकल्या जातात, त्यांचा हिशेब मात्र करून पाहा. १५ सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद पॅनेलवर भर उन्हात साधारण १० वॅट ऊर्जा पडते, त्यातली चांगला सेल २ वॅट देईल, प्रत्यक्षात दीडच धरावेत. १०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक म्हणजे ३७ वॅट-तास. वाटेतली गळती धरली तर तीस तासांहून जास्त कडक ऊन हवे, म्हणजे जवळजवळ आठवडा. वेगळे, उलगडून पसरता येणारे १५-२० वॅटचे पॅनेल घेणे मला एकमेव शहाणपणाचे वाटते.

चालताना त्याच्याकडून फार मिळत नाही, आणि परिक्रमेत दिशाही आड येते. उत्तर तटावर वाट पूर्वेला जाते, सकाळचा सूर्य समोर असतो आणि पाठीवरचे पॅनेल सावलीत. दक्षिण तटावर नेमके उलट. दुपारच्या मुक्कामाला पॅनेल पसरणे उत्तम. डिसेंबरात आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो, तेव्हा पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तेवढेच उभे टेकवावे. उन्हाळ्यात मात्र आडवे ठेवले तरी चालते. पण तेव्हा उष्णतेचा त्रास असतो: तापमान वाढेल तशी सिलिकॉनची शक्ती दर अंश सेल्सिअसला ०.३ ते ०.४ टक्के घटते आणि लिथियम बॅटरी ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये. पॅनेल उन्हात, बँक त्याच्या मागे सावलीत.

बडोद्यात या वस्तूची आठवण पुरातही होते. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा वस्त्यांत शिरली. पाणी भरलेल्या भागांत सुरक्षेसाठी वीज बंद ठेवावी लागते. अशा दाट ढगांत २० वॅटचे पॅनेल बऱ्याचदा दोन-तीन वॅटच देते. पहिल्या दोन दिवसांसाठी घरच्या विजेवर आधीच भरलेली पॉवर बँक हवी. पॅनेलचा उपयोग पाऊस उघडल्यावर, वीज परत येईपर्यंतच्या दिवसांत.