न्यू फिलाडेल्फिया (इलिनॉय) : गाव आणि उत्खनन

न्यू फिलाडेल्फिया हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, पाइक काउंटीत, बॅरी या छोट्या शहराजवळचं एक जुनं गाव, आता तिथे गवत आणि शेतंच दिसतात. १८३६ मध्ये फ्रँक मॅकवर्टरने इथे ४२ एकरांत १४४ प्लॉट पाडून रीतसर नकाशा नोंदवला. यादवी युद्धाच्या आधी काळ्या माणसाने असं गाव कायदेशीर नोंदवल्याचं हे पहिलं उदाहरण मानतात.

फ्रँकचा जन्म १७७७ चा, साउथ कॅरोलिनातला, गुलाम म्हणूनच. पुढे केंटकीत मालकाची शेती सांभाळून उरलेल्या वेळात तो सोरा काढून विकायचा (बंदुकीच्या दारूत लागतो तो), आणि त्या पैशातून १८१७ ला आधी बायकोला, लुसीला, ८०० डॉलरला सोडवलं, स्वतःला दोन वर्षांनी, तेवढ्याच रकमेला. बायको आधी का? तर आई मोकळी असली की पुढचं मूल जन्मतःच मोकळं. मुलगा पळून कॅनडात गेला होता, त्याच्या सुटकेसाठी सोऱ्याचा धंदाच देऊन टाकला. गावातले प्लॉट विकायचा तेही घरच्यांना सोडवण्यासाठीच. तो १८५४ ला वारला, नंतर मृत्युपत्रातल्या पैशातूनही माणसं सोडवली, अशी स्वतःला धरून घरची एकूण सोळा.

गाव फक्त काळ्यांचं नव्हतं, उलट गोरे जास्तच होते, शेजारी शेजारी राहायचे, आणि मिसिसिपी ओलांडली की मिझुरीत गुलामगिरी चालू! १८६५ च्या सुमारास इथे १६० च्या आसपास लोक होते. मग १८६९ ला रेल्वे आली ती गावाला वळसा घालून गेली, आणि धंदा स्टेशनांकडे सरकला. १८८५ ला गावाच्या बऱ्याच भागाची नोंद रद्द होऊन प्लॉटांचं परत शेत झालं.

आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि तिथे नांगर घातला की खापरं वर येतात, इथे तेच मुद्दाम केलं. २००२-०३ मध्ये शेत नांगरून लोक ओळीने चालत गेले, दिसेल त्या वस्तूजवळ छोटा झेंडा रोवायचा, अशा सात हजारांहून जास्त वस्तू मिळाल्या. झेंड्यांचे पुंजके जिथे दाट तिथे घर असणार हे उघडच होतं. २००४ पासून पुरातत्त्वज्ञ पॉल शॅकेल, ख्रिस्तोफर फेनेल आणि टेरन्स मार्टिन यांनी विद्यार्थ्यांना घेऊन उन्हाळ्यात खोदकाम केलं, त्यात तळघरं, विहिरी, खिळे, खिडकीच्या काचा, बटणं, गोट्या, बाहुल्यांचे तुकडे, डुकराची भरपूर हाडं असं सगळं निघालं.

पण खरी गंमत पुढेच आहे. काळ्या कुटुंबाच्या घरातली चिनीमातीची बशी आणि गोऱ्याच्या घरातली बशी शेजारी ठेवली तर कुठली कोणाची ते सांगता येत नाही, दोघांचाही बाजार तोच. कोण काळं कोण गोरं हे जनगणनेच्या कागदावर लिहिलंय, मातीत नाही. म्हणून इथे खरेदीखतं आणि जनगणना हाताशी ठेवूनच खोदावं लागतं, नुसत्या खापरांवर कोणी 'ही काळ्यांची वस्ती' म्हणून शिक्का मारला असता तर फसलाच असता.

२००९ मध्ये जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, डिसेंबर २०२२ मध्ये ती नॅशनल पार्क सर्व्हिसच्या (राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक जागा सांभाळणारं सरकारी खातं) यादीत गेली. बराचसा भाग अजून न खोदलेलाच आहे.