मतदार यादीत पहिल्यांदा नाव घालताना: फॉर्म ६ कधी, कुठे आणि कोणत्या कागदांवर

गावच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून वाद रंगतो, तेव्हा कॉलेजची पोरं दाराशी उभी राहून ऐकतात. आपण लहान, आपल्याला कोण विचारतंय, असा समज असतो. खरं तर गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो आपोआप ग्रामसभेचा सदस्य. वेगळा अर्ज नाही, वर्गणी नाही. २६ जानेवारी किंवा १ मेच्या सभेत उठून खर्चाचा हिशेब मागायचा तर आधी यादीत नाव हवं, आणि त्यासाठी भरायचा तो फॉर्म ६. त्याला फी नाही.

मतदानाचं वय ६१व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ झालं. पण हे १८ कोणत्या दिवशी मोजायचं, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पूर्वी फक्त १ जानेवारी ही तारीख धरत, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. २०२२ पासून वर्षात चार अर्हता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. म्हणजे २० मे २००८ चा जन्म असेल तर १ जुलै २०२६ ला तुम्ही पात्र. अर्ज मात्र १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ देता येतो. तो द्याच, कारण निवडणुकीत उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नवं नाव जात नाही.

कागद फार लागत नाहीत. पासपोर्ट आकाराचा फोटो. वयासाठी जन्म दाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, यांपैकी एक. पत्त्यासाठी आधार, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, वीज-पाणी-गॅसचं बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार. बिल आई-वडिलांच्या नावावर असलं तरी चालतं. घरातल्या कुणाचा मतदार ओळखपत्र क्रमांक फॉर्ममध्ये लिहिला तर तुमचं नाव त्यांच्याच यादी भागात जाणं सोपं होतं.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी आधी ठरवावं, नाव गावी ठेवायचं की शिक्षणाच्या शहरात. दोन्ही चालतं, पण एकाच ठिकाणी. शहरात घ्यायचं तर कॉलेजचं बोनाफाइड जोडा. दोन्हीकडे नाव ठेवून खोटं प्रतिज्ञापन केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. माझं विचाराल तर गावच्या कामात लक्ष घालायचं असेल त्याने नाव गावातच ठेवावं.

अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या ईसीआयनेट अ‍ॅपवर मोबाइल क्रमांकाने लॉगिन करून भरता येतो. कागदावर भरायचा तर तो बीएलओकडे किंवा तहसीलच्या निवडणूक शाखेत द्या. बीएलओ म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी; बहुधा ओळखीच्या शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविकाच निघतात. ऑनलाइन भरताना इंग्रजी नाव टाकलं की मराठी नाव यंत्र स्वतःच लिहितं, आणि ‘काळे’चं ‘काले’ होतं. तिथेच थांबून दुरुस्त करा; नंतर त्याच्यासाठी फॉर्म ८ भरावा लागतो. लग्नानंतर किंवा घर बदलल्यावर पत्ता हलवायलाही तोच फॉर्म.

अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा, स्थिती त्यावरच कळते. पुढे बीएलओ घरी येऊन पडताळणी करतात, हरकतींसाठी मुदत जाते आणि मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. कार्ड पोस्टाने येतं. कार्डापेक्षा यादी महत्त्वाची: यादीत नाव असेल तर आधार किंवा पासपोर्ट दाखवूनही मत देता येतं, यादीत नाव नसेल तर हातातलं कार्ड निरुपयोगी.

जिल्हा परिषद, महापालिका, ग्रामपंचायत यांच्यासाठी वेगळी नोंदणी नाही. विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय वापरतात. पदवीधर मतदारसंघाचं मात्र तसं नाही, तिथे दरवेळी नव्याने फॉर्म १८. स्वतः ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल तर वय २१ लागतं. अडलंच कुठे, तर १९५० वर फोन लावा.