८५ शिष्यवृत्त्यांनी बरोबरी आली नव्हती

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल एक समज घट्ट बसलाय: खेळाडूंना द्यायच्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा सगळ्यांना सारखीच होती, २०२५पर्यंत संघामागे ८५, म्हणून स्पर्धाही बरोबरीची. हे खरं नाही. मर्यादा संख्येवर होती, गुणवत्तेवर नव्हे. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या साखळीत टीव्हीचे पैसेही समान वाटतात, तरी १९३२च्या स्थापनेपासून सभासद असलेल्या नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाला तिथलं फुटबॉलचं विजेतेपद एकदाही मिळालेलं नाही. त्याच साखळीतल्या अलाबामा विद्यापीठाने मात्र प्रशिक्षक निक सेबन यांच्या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं नेली. शाळेतले उत्तम खेळाडू जिंकणाऱ्याकडेच ओढले जातात, आणि ते आले की तो पुन्हा जिंकतो.

खरा फरक पडला २०२१मध्ये. खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, आणि पहिल्यांदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसायची अट गेली. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातून आलेला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, डिएगो पाव्हिया व्हँडरबिल्टला लाभला तो असाच बदल करून. ५ ऑक्टोबर २०२४ला व्हँडरबिल्टने देशात पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं. लोकांनी गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेऊन नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून मिरवला आणि कंबरलँड नदीत सोडला. इतकी वर्षं हरणाऱ्यांचा तो आनंद मला फार मोलाचा वाटतो.