हात हलतो, पण फोटो बिघडतो फोकसमुळे

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची (उंच, सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक निघाली की सोलापूरच्या रस्त्यावर ट्रायपॉड मांडायला जागा उरत नाही. बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घातलेल्या त्या गर्दीत कॅमेरा हातातच धरावा लागतो. हातात चार बाय पाच इंची फिल्मचा जुना प्रेस कॅमेरा असेल तर? अडीच-तीन किलोंचं धूड, फोटो हलणारच, असं बहुतेकांना वाटतं. ही भीती मला अनाठायी वाटते.

१९१२ ते १९७३ या काळात अमेरिकेत बनलेला स्पीड ग्राफिक हा असाच प्रेस कॅमेरा बातमीदारांनी हातात धरूनच वापरला. छायाचित्रकार जो रोझेन्थालने १९४५ मध्ये जपानच्या इवो जिमा बेटावरचा ध्वजारोहणाचा फोटो त्यावरच टिपला, शटर १/४०० सेकंद उघडून. हाताचा सूक्ष्म कंप सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होतो आणि जड वस्तू इतक्या झपाट्याने हलत नाही. इथे वजन आपल्या बाजूने असतं. मोठ्या फिल्मला लागणारी लेन्स लांब पल्ल्याची असल्याने फिल्मवर धूसरपणा वाढतो खरा, पण १६ बाय २० इंची प्रिंटसाठी ही फिल्म चारपटच मोठी करायची असते, नेहमीची छोटी ३५ मिमी फिल्म मात्र सोळा-सतरापट. फिट्टंफाट!

खरी गोची फोकसची. १३५ मिमीची लेन्स ४.७ ॲपर्चरला (लेन्सचं छिद्र; आकडा जितका मोठा तितकं ते बारीक) तीन मीटरवर लावली, तर जेमतेम अर्ध्या मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. नंदीध्वज पेलणारा मानकरी एका पावलात त्याच्या बाहेर जातो. रेंजफाइंडरमध्ये (फोकस जुळवायच्या भिंगात) दोन प्रतिमा जुळवून शटर दाबेपर्यंत आपणही पुढे-मागे झुलतो. तेच ॲपर्चर १६ केलं की सुमारे २.४ ते ४ मीटरपर्यंतचं सगळं पदरात पडतं. न्यूयॉर्कचा बातमी-छायाचित्रकार वीजी म्हणूनच दहा फुटांवर फोकस आधीच लावून ठेवायचा. छिद्र बारीक केल्यावर रात्री लागणारा जास्तीचा उजेड तो फ्लॅशबल्बने आणायचा.

आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. ४०० आयएसओची (प्रकाशाला बऱ्यापैकी संवेदनशील) फिल्म भर उन्हात १६ ॲपर्चरला १/४०० सेकंदाचा शटरवेग देते. म्हणून माणसामागे फोकस फिरवत बसू नये. तीन मीटरवर लावून ठेवावा, डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी पट्टी) काढून शटर ताणावं, कोपरं बरगड्यांना टेकवावीत आणि मानकरी त्या अंतरात येताच बटण दाबावं. मग स्लाइडची काळी बाजू (फिल्म वापरल्याची खूण) बाहेर ठेवून ती परत सरकवावी, नाहीतर त्याच फिल्मवर दुसरा फोटो चढतो.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला मात्र ट्रायपॉडच हवा. तिथे शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं.