कर्णशोथ, मांजरांतील जुनाट

पाळीव मांजराच्या कानाचा दाह महिनोन्‌महिने टिकून राहणे किंवा औषध थांबविताच पुन्हा उलटणे, या अवस्थेस जुनाट कर्णशोथ म्हणतात. दाह बाह्यकर्णनलिकेपुरता राहतो किंवा कर्णपटलाच्या आत मध्यकर्णापर्यंत पोहोचतो. कान खाजविणे, डोके झटकणे, काळपट किंवा पिवळा स्राव व दुर्गंधी ही लक्षणे सर्वपरिचित आहेत. मांजरांत हा विकार कुत्र्यांपेक्षा कमी आढळतो. म्हणूनच तो वारंवार उलटत असेल, तर मुळाशी एखादे ठळक कारण असण्याची शक्यता अधिक धरावी लागते.

कारणांचे प्राथमिक (स्वतःच दाह सुरू करणारी), पूर्वप्रवर्तक (दाहाला अनुकूल स्थिती निर्माण करणारी) व दाह टिकविणारी असे वर्गीकरण पशुवैद्यकात 1988 च्या सुमारास रूढ झाले. पुढे दुय्यम, म्हणजे आधीच दाह झालेल्या कानात भर घालणाऱ्या कारणांचा निराळा गट करण्यात आला. जिवाणू व मॅलॅसेझिया हे यीस्ट (एकपेशीय कवक) या दुय्यम गटात मोडतात. कानातील पू तपासला की तेच आधी दिसतात आणि उपचारही त्यांच्यावरच होतो. मूळ कारण मात्र तसेच राहते. विकार जुनाट होण्यामागे बहुधा हेच असते.

प्राथमिक कारणांत ओटोडेक्टिस सायनोटिस हा माइट अग्रगण्य आहे. तो कीटक नसून कोळ्यांच्या वर्गातील अष्टपाद जीव आहे. हेरिंग यांनी 1838 मध्ये त्याचे वर्णन सार्कोप्टिस या प्रजातीखाली केले. ओटोडेक्टिस ही प्रजाती कानेस्त्रिनी यांनी 1894 मध्ये स्थापिली. मांजर, कुत्रा, कोल्हा व फेरेट यांच्या कानांतील माइट एकाच जातीचे की निरनिराळ्या, हा वाद दीर्घकाळ चालला. शरीररचनेतील फरक अल्प असून रायबोसोमी डीएनएच्या तुलनेतही आश्रयीनुसार (ज्या प्राण्यावर माइट राहतो त्यानुसार) स्पष्ट विभागणी आढळली नाही. त्यामुळे एकच जाती मानणे अधिक ग्राह्य वाटते. हा प्रश्न केवळ नामकरणाचा नाही. जाती एकच असेल तर घरातील कुत्रा व मांजर एकमेकांना संसर्ग देतात, आणि सर्व प्राण्यांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून आठवड्याभराचा उपचार बहुधा अपुरा ठरतो. माइट त्वचेत बिळे करीत नाहीत, पृष्ठभागावर राहतात. कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा, काळपट मळ ही त्यांची खूण होय. काही मांजरांत असंख्य माइट असूनही खाज नसते, तर काहींत मोजक्या माइटांनी कान रक्तबंबाळ होतो. माइटांविषयीची अधिहृषता (ॲलर्जी) हे त्याचे स्पष्टीकरण समजले जाते.

तरुण मांजराचा एकच कान सतत वाहत असल्यास शोथजन्य (दाहातून उद्भवणाऱ्या) पॉलिपचा विचार करावा लागतो. हा देठ असलेला, कर्करोग नसलेला मांसल अंकुर मध्यकर्णाच्या किंवा घसा व मध्यकर्ण जोडणाऱ्या नलिकेच्या अस्तरातून उगवतो. तो कर्णपटल भेदून बाहेर येतो किंवा घशाकडे वाढतो. घशाकडे वाढल्यास श्वास घेताना घरघर होते. त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. भ्रूणावस्थेतील क्लोमकमानींचे (भ्रूणाच्या मानेच्या भागातील, कल्ल्यांशी समरूप कमानींचे) अवशेष हे कारण असावे, असे एक मत असून लहान पिलांतील प्रकरणे त्यास आधार देतात. दुसऱ्या मतानुसार श्वसनमार्गाच्या विषाणुसंसर्गानंतरचा दीर्घ दाह कारणीभूत असतो. तथापि पॉलिपच्या ऊतकांत कॅलिसिव्हायरस व हर्पिसव्हायरस या मांजरांच्या श्वसनमार्गातील विषाणूंचा शोध घेतला असता ते सातत्याने सापडले नाहीत. यावरून विषाणू हे थेट कारण नसावे, असे दिसते. आधी संसर्ग होऊन गेला असण्याची शक्यता मात्र याने नाकारली जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या दाहपेशी पाहता दाहमूलक मताकडे झुकणे योग्य ठरते.

पॉलिप भूल देऊन ओढून काढता येतो, पण मध्यकर्णातील भाग उरल्यास तो पुन्हा वाढतो. अशा वेळी मध्यकर्णाचा हाडाचा फुगीर कोश, म्हणजे बुला, खालच्या बाजूने उघडतात. मांजराचा बुला हाडाच्या पडद्याने दोन कप्प्यांत विभागलेला असतो. दोन्ही कप्पे साफ न केल्यास शस्त्रक्रिया अपुरी राहते. याच भागातून डोळ्याकडे जाणारे अनुकंपी चेतातंतू (अनैच्छिक क्रियांचे नियंत्रण करणारे मज्जातंतू) जातात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर बाहुली आकुंचन पावणे, वरची पापणी उतरणे व तिसरी पापणी पुढे येणे हा हॉर्नर लक्षणसमूह पुष्कळदा दिसतो. बहुतेक मांजरांत तो काही आठवड्यांत ओसरतो. शस्त्रक्रिया झालेली नसताना हीच चिन्हे दिसली किंवा मान एका बाजूला कलली, तोल गेला, तर दाह मध्यकर्णात वा आंतरकर्णात पोहोचला असे समजून तातडीने तपासणी करावी लागते.

वयस्क मांजरांत कर्णमलग्रंथींच्या गाठी आढळतात. निळसर-काळ्या द्रवाच्या लहान पुटी सौम्य असतात, परंतु या ग्रंथींच्या अर्बुदांत (गाठींत) मारक, म्हणजे कर्करोगी प्रकारांचे प्रमाण मांजरांत कुत्र्यांपेक्षा जास्त असते. त्यामुळे गाठ नुसती पाहून निर्धास्त होता येत नाही, ऊतकपरीक्षा करावी लागते. अन्नाची व परिसरातील घटकांची अधिहृषता हेही एक कारण आहे.

निदानासाठी ऑटोस्कोपने (कानात पाहण्याच्या उपकरणाने) पाहणी, खनिज तेलात मळ मिसळून माइटांचा शोध आणि रंजित लेपाची (काचपट्टीवर पसरून रंगविलेल्या स्रावाची) सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी या क्रमाने जातात. मध्यकर्णासाठी संगणकीय छेदचित्रण (सीटी स्कॅन) साध्या क्ष-किरण चित्रापेक्षा उपयुक्त ठरते. माइटांवर सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन ही मानेच्या त्वचेवर लावायची औषधे प्रभावी असल्याने रोज कानात थेंब घालण्याचा मांजराचा छळ टळतो. कर्णपटल शाबूत असल्याची खात्री झाल्याविना कानात औषध घालू नये. अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविके व क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक मध्यकर्णात गेल्यास बहिरेपणा किंवा तोल जाणे संभवते, आणि मांजरे या बाबतीत विशेष संवेदनशील असतात. कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेली औषधे व टी-ट्री तेल मांजरांना विषारी आहेत. नलिका जाड होऊन बंद झाल्यास संपूर्ण कर्णनलिका काढून बुला साफ करतात. या शस्त्रक्रियेत चेहऱ्याच्या चेतेस (मज्जातंतूस) इजा होण्याचा संभव मांजरांत कुत्र्यांपेक्षा अधिक असतो.