एकच पीएलए, पण डावा की उजवा?

दोन्ही गोण्यांवर पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल, एक प्लास्टिक) असंच लिहिलेलं, मग एका गोणीतल्या दाण्याचा कप गरम चहात उभा राहतो आणि दुसऱ्याचा बसतो कसा? भोसरीतल्या आमच्या गोदामात हा प्रश्न नेहमी येतो. भेसळीचा संशयही येतो, म्हणून हे पत्रक.

पीएलए बनतो लॅक्टिक आम्लापासून. ताक आंबट करतं तेच हे. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं. त्याच्या रेणूची दोन रूपं असतात, एल आणि डी. अणू तेच, जोडणीही तीच, पण चपलांच्या जोडासारखं एक डावं, एक उजवं. समघटकतेचाच (घटक तेच, मांडणी निराळी) हा एक प्रकार.

हे रेणू एकापुढे एक जोडून लांब साखळी झाली की तो पीएलए. साखळी नुसत्या एलची असली की तिला एकसारखा पीळ बसतो. असे पीळ शेजारी शेजारी नीट रचले जातात आणि स्फटिक तयार होतात. असा दाणा १७० ते १८० अंशांना वितळतो. मध्ये थोडे डी शिरले की पीळ तिथे तिथे मोडतो, स्फटिक छोटे आणि विरळ होतात, वितळबिंदू १५० पर्यंत उतरतो. एल-डी निम्मेनिम्मे आणि वाटेल तसे ओवले, तर स्फटिक बनतच नाहीत. माल काचेसारखा पारदर्शक दिसतो, पण ५५-६० अंशांना मऊ पडतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नका.

खरी गंमत पुढे आहे. निव्वळ एलच्या साखळ्या आणि निव्वळ डीच्या साखळ्या वेगवेगळ्या बनवून मग समप्रमाणात मिसळल्या, तर उलटसुलट पीळ एकमेकांत आपसूक घट्ट बसतात. एल-डीचं प्रमाण तेच निम्मेनिम्मे, पण हा माल वितळायला २२० ते २३० अंश लागतात! जपानमधल्या क्योटोत इकादा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं. डी महाग पडतो, त्यामुळे साध्या कपासाठी आम्ही हा माल सुचवत नाही.

चहाच्या कपाला कमी डीचा दाणाच घ्या. मात्र साचा थंड ठेवून घाईने कप काढलात, तर स्फटिकांना जुळायला वेळच मिळत नाही आणि चांगला दाणाही वाया जातो. साचा शंभर अंशांच्या आसपास ठेवा, किंवा तयार कप तेवढ्या उष्णतेत थोडा वेळ राहू द्या; किंचित आकसेल, त्याचा हिशेब मापात आधीच धरा. जास्त डीचा माल असा तापवू नका, तो फक्त वाकडा होईल.

ऑर्डर देताना वस्तूत काय ओतणार, ते आधी सांगा.