पुराच्या गाळातला प्रश्न

ऑगस्ट २०१९. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी ओसरल्यावर निपाणी भागात मामाच्या घरी गेलो, तेव्हा आज्जी देव्हाऱ्यातले टाक चिंचेनं घासत बसली होती. नक्षीच्या खाचांत गाळ गच्च बसलेला, काडीनं कोरून काढावा लागत होता. "एवढे उपासतापास केले, मग देवानं असं का केलं?" ती म्हणाली. शेजारचे जैन अण्णा अंगणात भिजली पोती पसरत होते. म्हणाले, "आक्का, पाऊस देव कुठं पाडतोय?"

धर्माचं तत्त्वज्ञान नेमकं इथं सुरू होतं. पूजा कशी करावी, हे ते शिकवत नाही. देव आहे किंवा नाही म्हणायला आधार काय, आणि आपल्याच समजुती एकमेकींशी भांडतात का, हे ते तपासतं. देव सर्वशक्तिमान आहे, देव दयाळू आहे, आणि तरी जगात दुःख आहे. तिन्ही एकदम खरं कसं? १ नोव्हेंबर १७५५ ला, सणाच्या दिवशी, लिस्बनची चर्चं माणसांनी भरलेली असताना भूकंप झाला आणि युरोपभर हा वाद पेटला.

आपल्याकडे तो त्याच्या कितीतरी आधीचा. अण्णांच्या बोलण्यामागे मोठी परंपरा आहे. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, नेमिनाथ तीर्थंकरांपुढे हात जोडणारा माणूस त्यांना जगाचा कर्ता मानत नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात जिनसेनाचार्यांनी आदिपुराणात रोखठोक विचारलं: ईश्वर परिपूर्ण असेल तर त्याला जग निर्माण करायची इच्छा का व्हावी? आणि अपूर्ण असेल तर एवढं जग त्याला जमेल कसं? मला हा युक्तिवाद फार आवडतो, कारण त्यात देवाची टवाळी नाही; 'परिपूर्ण' या शब्दाचा अर्थ शेवटपर्यंत धरून ठेवलेला आहे.

ईश्वर मानणाऱ्यांचं उत्तरही कच्चं नाही. 'ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो' हा आक्षेप ब्रह्मसूत्रांनी, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथानं, स्वतःच उभा केला आहे. त्यावर शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. भात उगवतो की जव, हे बियाण्यावर ठरतं. तसं सुखदुःख ज्याच्या-त्याच्या कर्मानुसार. मग पहिलं कर्म कुठून आलं? संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाहीच, असं पुढचं सूत्र सांगतं.

मी मात्र इथं अडखळतो. हा दाखला पीक उगवून आणणाऱ्या पावसाचा आहे. त्या ऑगस्टात शिवारात पाणी तुंबून राहिलं, तेव्हा सोयाबीन आणि भुईमूग दोन्ही कुजले.

कर्म जैनही मानतात, फक्त त्याचं फळ द्यायला त्यांना ईश्वर लागत नाही. अण्णाही शेवटी कर्मावरच आले. आज्जीनं टाक खाली ठेवला.

"मग माझ्या म्हशीनं काय केलं होतं, अण्णा?"

अण्णा काही बोलले नाहीत. उरलेली पोती त्यांनी उन्हात ओढली.